कपडे, कौलं आणि यादी : आपत्तीत महाविद्यालय काय करतं?

 

संयोजकांनी मला ‘आपत्ती आणि महाविद्यालय’ असा विषय दिला. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नव्हे. पण मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वाऱ्यापावसाचा इतिहास शिकावा लागत नाही, तो अंगावरच येतो. त्यामुळे आज थोडं पुस्तकातलं आणि थोडं अंगावर आलेलं, असं दोन्ही सांगणार आहे.

सुरुवात रविवार, १६ मे २०२१ या दिवसापासून करू. ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या आणि आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत होतं. जमिनीवर ते आलं दुसऱ्या दिवशी रात्री, गुजरातेत. आपल्याकडे ते नुसतं बाजूनं गेलं, पण बाजूनं जाताना मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत जे करून गेलं ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. माड, आंबे, फणस उन्मळून पडले. विजेचे खांब वाकले, घरांची कौलं आणि पत्रे उडाले. वीज गेली म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून पाणी नाही, टॉवर बंद म्हणून फोन नाही. वर करोनाची दुसरी लाट, आणि कॉलेज तर वर्षभर बंदच.

मी तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात आडवा पडलेला माड ओलांडून दोन मुलं आली. दोघंही आमच्या कॉलेजची, पण माझ्या निवृत्तीनंतरची, म्हणजे मला त्यांनी वर्गात कधी पाहिलं नव्हतं. मास्क लावलेले, हातात शंभर पानी वही. त्यातल्या एकानं विचारलं, “सर, घरात कोण कोण आसा? औषधा कोणती चालू आसत? कौला किती गेली?” मी म्हटलं, “अरे, तुम्हाला पाठवलं कोणी?” तर म्हणाला, “कोणी नाय. आमीच वाडीची यादी करतोंव.”

ती वही माझ्या डोक्यात राहिली. आजचं व्याख्यान तिच्याबद्दलच आहे असं समजा.

प्रश्न साधा आहे. आपत्ती आल्यावर महाविद्यालय समाजाला नेमकं काय देऊ शकतं? इतिहासात याची तीन उत्तरं दिसतात. एक, वस्तू : कपडे, धान्य, पैसे. दुसरं, हात : चिखल उपसणारे, दगड उचलणारे. आणि तिसरं, ज्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं, ते म्हणजे नोंद : कोणाचं काय गेलं, कोणाला काय मिळायला हवं, हे खरं आणि नावानिशी लिहून ठेवणं. पहिली दोन उत्तरं चूक नाहीत. पण वस्तू व्यापारीही देतो आणि हात कोणाचेही चालतात. कॉलेजचं जे खास देणं आहे ते तिसरं, आणि नेमकं तेच आपण सर्वांत कमी दिलंय, असं माझं म्हणणं आहे.

थोडं लांब जाऊन येऊ. १ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालमधलं लिस्बन शहर. सणाचा दिवस, चर्चं भरलेली, आणि भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग आग लागली. हजारो माणसं मेली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा भूकंप माहीत असतो, कारण व्हॉल्टेअरनं त्यावरून ‘हे जग सर्वांत उत्तम जग आहे’ म्हणणाऱ्यांना झोडपलं. रूसोनं त्याला १७५६ मध्ये पत्र लिहून उलट विचारलं की सहा-सात मजली घरं एकमेकांना खेटून निसर्गानं बांधली होती काय? तरुण कांटनं भूकंपाच्या कारणांवर तीन निबंध लिहिले.

मीही वर्गात हेच शिकवलं. पण एक गोष्ट शिकवायची राहून गेली, ती मला फार उशिरा महत्त्वाची वाटली. पोर्तुगालच्या राजाचा मंत्री, जो पुढे पोंबाल या नावानं ओळखला गेला, त्यानं देशभरच्या धर्मग्रामांना एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ बसला? किती घरं पडली? किती माणसं मेली? समुद्र आधी आत आला की मागे गेला? विहिरींच्या पाण्याचं काय झालं? गावोगावच्या पाद्र्यांनी उत्तरं लिहिली. गावात लिहितावाचता आणि प्रत्येक घर ओळखणारा माणूस तोच होता. त्यातली बरीच उत्तरं आजही लिस्बनच्या दप्तरखान्यात आहेत. तत्त्वज्ञ ईश्वराच्या न्यायाबद्दल भांडत होते तेव्हा कुणीतरी घरं मोजत होतं. दोन्ही हवं, पण मोजणं आधी हवं.

आता आपल्याकडे येऊ. १८९६ साल. पावसानं दगा दिला, मुंबई इलाख्यात दुष्काळ. सरकारकडे ‘फॅमिन कोड’ म्हणजे दुष्काळी कायदा होता. पीक बुडालं तर सारा तहकूब करता येतो, काम मागणाऱ्याला दुष्काळी कामावर मजुरी द्यायची, असे नियम त्यात होते. पण ते इंग्रजीत. ज्याच्यासाठी ते नियम केले त्या शेतकऱ्याला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. टिळकांनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्या नियमांचं मराठी करून ते छापून वाटलं, आणि सभेचे शिकलेसवरलेले प्रतिनिधी गावोगाव धाडले. कोकणातल्या ठाणे-कुलाबा भागांतही ते फिरले. ते सांगत होते की बाबांनो, ही सरकारची मेहरबानी नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे, मागा. सरकारला हे इतकं झोंबलं की पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

लक्षात घ्या, धान्य वाटलं असतं तर सरकारनं बहुधा पाठ थोपटली असती. नियम वाचून दाखवले म्हणून राग आला. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्यासाठी काय करायचं, याचा हा आपल्या इतिहासातला फार मोठा धडा आहे. तो आपण विसरलो.

पुढचा टप्पा हातांचा. १२ जुलै १९६१, पुण्याचं पानशेत. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचवायचा प्रयत्न केला, सकाळी ते फुटलं, आणि मागोमाग खडकवासलाही. पुण्यातल्या शाळा-कॉलेजांच्या इमारती निवारे झाल्या, विद्यार्थी चिखल उपसायला उतरले. मग ११ डिसेंबर १९६७, कोयना. पहाटेची वेळ. तो धक्का कोकणातही जाणवला होता. मी तेव्हा १७ वर्षांचा. घरातली फळीवरची भांडी खाली आली आणि आईनं आम्हाला अंगणात ओढलं, एवढं आठवतं. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. नंतर आम्ही मुलांनी वर्गात डबा फिरवून पैसे जमवले. त्यापलीकडे काय करायचं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

याच काळात दिल्लीत एक वाद चालू होता, तो ऐकण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी समाजासाठी काम करावं हे सर्वांना मान्य होतं. पण सक्तीनं की खुशीनं? १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. देशमुख आपल्या कोकणचेच, रायगडाजवळच्या नाते गावचे. त्यांच्या समितीनं म्हटलं, शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांना नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करा. ते खर्चाच्या आणि व्यवस्थेच्या अडचणींमुळे बारगळलं. मग के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतले प्रयोग पाहून अहवाल दिला की सेवा ऐच्छिकच असावी. शेवटी २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी. तीच आपली ‘एनएसएस’. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं शिबिर.

कर्तव्य सक्तीनं करून घेतलं तर ते कर्तव्य राहतं का, हा प्रश्न मी वर्गात कांटच्या आधारे तासन् तास चघळला आहे. पण आज मला वाटतं की त्या वादात दुसरा एक प्रश्न राहून गेला. सक्तीनं की खुशीनं हे ठरलं, मुलांनी नेमकं करायचं काय हे पुरेसं ठरलं नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी झाडलोट, वृक्षारोपण आणि रस्तादुरुस्ती यांवर तास भरले. वाईट नाही ते. पण पदवीच्या मुलाला लिहिता येतं, मोजता येतं, कायदा वाचता येतो. ते कौशल्य आपण खुंटीला टांगून त्याच्या हातात फावडं दिलं.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून लोक झोपलेले. लातूर-उस्मानाबादचा किल्लारी परिसर. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची जड छतं अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा ४३ वर्षांचा, कॉलेजात मदतफेरीची जबाबदारी माझ्याकडे. आम्ही गावभर फिरलो आणि ट्रक भरेल इतके कपडे जमवले. छाती फुगली होती माझी. ट्रकासमोर उभं राहून फोटोही काढला.

दोनेक महिन्यांनी त्या भागात जाऊन आलेला एक सहकारी भेटला. त्याला विचारलं, “आपले कपडे पोचले ना?” तो म्हणाला, “पोचले असतील. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेत. कोण घालणार? त्या बायका नऊवारी नेसतात, आणि तुम्ही मुंबईच्या पाहुण्यांच्या जुन्या पँटी पाठवल्यात.” मी गप्प बसलो. त्या दिवसांत बघ्यांच्या आणि मदतीच्या गाड्यांनी तिथले रस्ते अडले होते हेही नंतर कळलं. आमच्या ट्रकनं तिथल्या माणसाची गरज भागवली नव्हती, आमची देण्याची हौस भागवली होती.

कांटनं एके ठिकाणी मदतीबद्दल सांगितलंय त्याचा मथितार्थ असा : मदत अशी करावी की घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये, जणू आपण त्याचं देणंच फेडतो आहोत. मी हे दरवर्षी शिकवत होतो. पण ट्रक भरताना आठवलं नाही.

त्याच किल्लारीत दुसरंही काम झालं. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेनं विद्यार्थी आणि शिक्षक घेऊन बाधित गावांत घरोघर पाहणी केली : कुटुंबात कोण उरलं, जमीन किती, घर कसं होतं. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात गावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ पुढे आल्या. घर कसं बांधायचं, हप्ता कधी मिळणार, हे गावाला समजावून सांगणं आणि गावाचं म्हणणं वर पोचवणं हे त्यांचं काम. त्यातल्या कितीतरी जणी फारशा शिकलेल्याही नव्हत्या. म्हणजे १८९६ सालचं ते नियम वाचून दाखवण्याचं काम शंभर वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. आम्ही मात्र कपडे पाठवून मोकळे.

पुन्हा आपल्या किनाऱ्यावर. ११ नोव्हेंबर २००९. ‘फयान’ वादळ. मासेमारीचा हंगाम चालू, होड्या समुद्रात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. माझ्या निवृत्तीच्या आसपासचा तो काळ. एका मुलीचा काका बेपत्ता होता. ती काही दिवसांनी वर्गात आली, तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, “सर, बेपत्ता आणि मयत यात फरक काय?” मला वाटलं, दुःखातून आलेला तात्त्विक प्रश्न आहे. मी काहीतरी मोठं बोलायला लागलो. ती म्हणाली, “तसं नाही सर. फॉर्मवर विचारलंय.”

खाली पाहिलं मी. पुरावा कायद्यानुसार माणूस सात वर्षं बेपत्ता असल्याशिवाय तो मेला असं सहसा गृहीत धरत नाहीत. देह मिळाला नाही तर दाखला नाही, आणि दाखल्यावाचून बँक, विमा, मदत, सगळं अडतं. अशा वेळी सरकारला वेगळा निर्णय घेऊन वाट काढावी लागते. तोवर त्या घरातल्या बाईनं काय म्हणायचं स्वतःला? त्या घराला ट्रकभर कपडे नको होते. कोणत्या होडीवर कोण होतं, कधी निघालं, कोणी शेवटचं पाहिलं, हे नीट लिहून जबाब तयार करून देणारा माणूस हवा होता. आमच्या कॉलेजात तसे शे-दोनशे लिहिते हात होते. आम्ही शोकसभा घेतली.

आता पुन्हा ‘तौक्ते’ची ती वही. त्या मुलांच्या यादीनं काय केलं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. १६ मे ला वादळ, म्हणजे मृगाला जेमतेम तीन आठवडे. कोकणात हे घर शाकारायचे दिवस. छप्पर उघडं राहिलं आणि पाऊस आला तर मातीची भिंत बसते, भातबियाणं भिजतं. म्हणून मुलांनी यादीत पहिला रकाना केला : पावसाआधी छप्पर झालंच पाहिजे अशी घरं कोणती? एकट्या म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची, चाकरमानी मुंबईत अडकलेल्यांची. टाळेबंदीमुळे मुलगे गावी येऊ शकत नव्हते. त्या घरांना आधी ताडपत्री, आधी कौलं, आधी माणसं. हात होतेच, पण ते कुठे लावायचे हे वहीनं ठरवलं.

एक म्हातारी त्यांना म्हणाली, “गो चेडवा, माजा घर मागीर लिव. आदी शेजारणीचा लिव. तिका कोणच नाय.” हे बाहेरून आलेल्या ट्रकला कळलं नसतं. चेडू त्याच वाडीचं होतं म्हणून कळलं.

दुसरी गोष्ट पंचनामा. सरकारनं मदत जाहीर केली, ‘निसर्ग’ वादळाच्या वेळच्या वाढीव दरांनी. पण मदत मिळते ती कागदावर. आणि आपल्या कोकणातला सातबारा तुम्हाला ठाऊक आहे! एका बागेवर पणजोबापासूनची पंचवीस-तीस नावं. अर्धे मुंबईत, काही बडोद्याला, काही देवाघरी. झाड पडलं गावात राखणाऱ्याचं, पण पैसे घ्यायचे तर सामायिक हिस्सेदारांची संमतीपत्रं हवीत. किनाऱ्यावर तर याहून कठीण, घर ज्या जमिनीवर उभं ती दुसऱ्याच्याच नावावर. तलाठ्याला दोष देत नाही मी. एका माणसाकडे तीन-चार गावं, वीज नाही, फोन नाही. त्या मुलांनी पडलेल्या झाडांचे, फुटलेल्या होड्यांचे, फाटलेल्या जाळ्यांचे फोटो तारखेसह ठेवले. घरपट्टीच्या पावत्या शोधून काढल्या. नेटवर्क आल्यावर मुंबईच्या काका-आत्यांना फोन लावून संमतीपत्रं मागवली. तलाठी वाडीत आले तेव्हा अर्धं काम तयार होतं. सगळ्यांना सगळं मिळालं असं नाही. पण ज्यांचं नाव कधीच कुठे लागलं नसतं, त्यांतल्या काहींचं लागलं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हे सगळं सरकारचं काम, मुलांच्या खांद्यावर का टाकता? उत्तर असं की टाकू नये. पुरात उडी मारणं, विजेच्या तारा हलवणं, पडक्या भिंतीखाली शिरणं ही प्रशिक्षित पथकांची कामं आहेत, तिथे मुलांना पाठवणारा शिक्षक गुन्हेगार समजावा. आणि मुलांनी यादी केली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं मग म्हणता येत नाही. १८९७ मध्ये सरकार रागावलं ते त्याचसाठी.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. यादी करणाऱ्याच्या हातात सत्ता येते. आपल्या भावकीचं घर वर, न पटणाऱ्याचं खाली, असं होऊ शकतं. होतंच. म्हणून यादी उघडी हवी. त्या मुलांनी ती देवळाच्या भिंतीवर लावली होती. दोन दिवस भांडणं झाली, चार नावं वाढली, एक गळलं. मग कोणी बोललं नाही.

शेवटचं सांगतो. आपल्याकडे रापण ओढतात. जाळं समुद्रात सोडतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. मासळी आली की वाटे होतात : जाळ्याचा, होडीचा, आणि दोराला हात लावणाऱ्याचा. वाटा घेताना कोणी आभार मानत नाही आणि देणाराही छाती फुगवत नाही, कारण ते दान नसतं, हिशेब असतो. मदतीचं तसं झालं पाहिजे. आणि हिशेब म्हटला की लिहिणारा लागतो.

म्हणून माझी विनंती सभागृहातल्या आणि ऑनलाइन ऐकणाऱ्या शिक्षकांना आहे. पुढच्या वादळाची वाट पाहू नका. यंदाच्या सेवा योजनेच्या १२० तासांतले वीस तास यासाठी काढा. आपापल्या वाडीत एकटं कोण राहतं, कोणाला रोजचं औषध लागतं, कोणाचं घर मातीचं आहे, कोणाच्या सातबाऱ्याचा गुंता आहे, याची वही मुलांना करू द्या. माणसांची परवानगी घेऊन करा आणि दर मे महिन्यात ती तपासा. पंचनाम्याचा फॉर्म एकदा वर्गात वाचून दाखवा. मराठीत असूनही तो कळत नाही, हे मुलांना आधीच कळू द्या.

मी ३५ वर्षं शिकवलं आणि हे एकदाही केलं नाही. माझ्या अंगणात आलेल्या त्या दोघांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी केलं. तुम्ही शिकवलंत तर आणखी कितीजण करतील.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.